सहा वाजून दहा मिनिटांनी पुसलेला नकाशा

१

"ताई, नकाशा गेला!"

फोनवर अप्पांची लेक अक्षरशः ओरडत होती. मी दुकानात एका लॅपटॉपचं पोट उघडून बसले होते. हातातला स्क्रू निसटून टेबलाखाली गेला तो गेलाच.

"गेला म्हणजे? मशीन बंद पडलंय का?"

"मशीन चालू आहे. बाकीच्या सगळ्या फाइली जागच्या जागी आहेत. नेमकी चौकाचीच नाही. आणि ताई, अप्पांच्या वहीतलं पानही फाडलंय कुणीतरी!"

हे ऐकलं आणि मी उठलेच. मशीन बिघडतं तेव्हा फाइल जाऊ शकते. वहीचं पान फाडायला हात लागतात.

लोकांचा हरवलेला डेटा शोधून देणं हा माझा सोळा वर्षांचा धंदा. लग्नाचे फोटो, प्रबंध, दवाखान्याच्या नोंदी, काय काय लोक घालवून बसतात आणि मग रडत माझ्याकडे येतात. अप्पा मात्र रडणाऱ्यातले नव्हते. रस्त्याखाली काय काय दडलंय याचे नकाशे ते करायचे. पाण्याचे नळ, विजेच्या केबली, गॅसचे पाइप. हातात यंत्र धरून, मान खाली घालून सगळा भाग पायी तुडवायचे. बाजारातल्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी पडलंय.

शाळेजवळच्या चौकात त्या दिवशी दुपारी तीनला आडवं ड्रिल चालणार होतं. रस्ता न खोदता जमिनीखालून भोक पाडत जायचं आणि त्यातून पाण्याची नवी वाहिनी ओढायची. त्याच चौकाखालून कुठूनतरी गॅसचा मोठा पाइप जात होता. नेमका कुठून, ते अप्पांनी आदल्या दिवशी शोधून काढलं, संध्याकाळी नकाशात उतरवलं, आणि पहाटे पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाले. आता ते भूल घेऊन पडले होते. संध्याकाळशिवाय शुद्धीवर येणार नव्हते.

स्कूटरला किक मारली तेव्हा घड्याळात सव्वादहा झाले होते.

२

अप्पांचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या. बाहेर पाहुण्यांसाठी बाक, आत अप्पांची खोली आणि संगणक, बाजूला प्रिंटरची खोली. तिला दोन दारं, एक बाहेरच्या खोलीत उघडणारं आणि एक अप्पांच्या खोलीत.

बाहेरच्या बाकावर ड्रिलच्या मशीनवरचा माणूस बसला होता. दणकट, मातीने माखलेले बूट. नकाशा घ्यायला सकाळी एकदा येऊन गेला होता, आता दुसऱ्यांदा आला होता. प्रिंटरच्या खोलीच्या दारात पट्टी उभी होती. ही नकाशे काढणारी मुलगी. उंच, सडसडीत, ताठ चालणारी, म्हणून सगळे तिला पट्टी म्हणायचे. नऊ वर्षं अप्पांच्या हाताखाली होती. लेकीच्या वरताण जीव लावला होता अप्पांनी तिला.

मी संगणकापुढे बसले. फाइल कधी पुसली गेली याची नोंद मशीन ठेवतं, ती काढली. मशीन सुरू झालं पाच पन्नासला. सहा वाजून एक मिनिटाने एक पेन ड्राइव्ह लावली गेली. फाइल तिच्यावर उतरवली गेली. सहा वाजून दहा मिनिटांनी मूळ फाइल पुसली गेली, कचरापेटीसकट.

"सहा-दहा?" लेकीचा चेहरा उतरला. "पावणेसहाला ऑफिस उघडून आमचे हे आले होते. अप्पांची दवाखान्याची फाइल इथे राहिली होती, ती घ्यायला."

"किल्ली आणखी कुणाकडे?"

"त्या वेळी फक्त यांच्याकडे. आठला पट्टीने ती दवाखान्यात येऊन नेली."

पुढचं वाक्य तिने मला नाही, फोनला ऐकवलं. "तुम्ही सकाळी संगणकाला हात का लावलात?... नाही, मी ओरडत नाहीये!... मग नोंद काय हवेत झाली का?" जावईबापूंचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. मशीन चालू कसं करतात तेच आपल्याला माहीत नाही, असं ते जीव तोडून सांगत होते.

"भांडण थांबव," मी म्हटलं. "आधी फाइल परत येते का ते बघू."

आणि तिथेच मला आतली डिस्क आठवली.

जुन्या फिरत्या डिस्कवरची फाइल पुसली तरी ती लगेच मरत नाही. दारावरची पाटी निघते, बिऱ्हाड आतच असतं. नवं बिऱ्हाड येईपर्यंत मी त्याला शोधून बाहेर काढू शकते. पण या मशीनमधली डिस्क चिपांची होती. तिच्यात काही फिरत नाही, खरखर नाही, वेग भन्नाट. मात्र तिला स्वच्छतेची भारी आवड. पाटी निघाली की मोकळ्या वेळात ती स्वतःच ते घर धुऊन, पुसून, भिंती कोऱ्या करून ठेवते. आणि ही डिस्क दोन महिन्यांपूर्वी मीच बसवली होती. "अप्पा, मशीन पळेल बघा," असं म्हणत.

तरी मी शोध लावला. वीस मिनिटं मशीन चाळलं. फाइलच्या जागी नुसती शून्यं. जमिनीखालची वस्तू शोधणाऱ्या यंत्राची आतली मेमरी पाहिली, तीही कुणीतरी कोरी केली होती.

"या मशीनला इंटरनेट नाही ना? म्हणजे बाहेर कुठे प्रत नसणार."

"अप्पांचा हट्ट. शहराच्या पोटातली माहिती तारेवरून बाहेर जाऊ द्यायची नाही."

लेकीने पालिकेच्या अभियंत्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. साहेब शांत होते. "ड्रिलचं मशीन दुसऱ्या शहरातून आलंय, संध्याकाळी परत जातंय. तुमचा नकाशा नसेल तर आपला मंजूर नकाशा आहेच. त्यात गॅस दवाखान्याच्या बाजूने दाखवलाय. आम्ही शाळेच्या बाजूने ड्रिल नेतो. झालं."

"साहेब, अप्पा म्हणत होते की गॅस शाळेच्याच बाजूला..."

"म्हणत होते, बरोबर. कागद आहे?"

खळ्ळकन आवाज झाला. पट्टीच्या हातातला पाण्याचा पेला फरशीवर फुटला होता. ती काचांकडे बघतही नव्हती. तिची नजर फोनवर खिळली होती.

३

काचा गोळा करायला लेक केरसुणी आणायला गेली. मी खुर्चीत मागे रेलले आणि सहज नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली.

सात पंचेचाळीस.

मनगटावरच्या घड्याळात बरोबर अकरा.

मी पुन्हा बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा, फोनमध्ये अकरा. मशीनमध्ये सात पंचेचाळीस. सकाळपासून चार माणसं या स्क्रीनपुढे कपाळ बडवत होती, पण कोपऱ्यात किती वाजलेत हे एकानेही पाहिलं नव्हतं. मी तर पाहायलाच हवं होतं!

"अगं, काल संध्याकाळी मशीन बंद कुणी केलं?"

"अप्पांनी," लेक म्हणाली. "एरवी ते भिंतीवरचं बटण चालूच ठेवतात. काल म्हणाले, आता चार-पाच दिवस येणं नाही, सगळं बंद करून जातो."

मी टाळी वाजवली. मशीनवाला दचकला.

"संगणकाच्या आत एक छोटासा सेल असतो, मनगटी घड्याळात असतो ना तसा. वीज बंद असताना मशीनचं घड्याळ त्याच्यावर चालतं. बाकी कुणाला त्याची आठवणही नसते. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर तो सेल मेला काय, जगला काय, फरक पडत नाही. काल पहिल्यांदाच सगळा भार त्याच्यावर आला. मरायला टेकलेला सेल! रात्रीतून घड्याळ अडखळलं आणि तीन तास पंधरा मिनिटं मागे पडलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनला सहा-दहा वाटलं तेव्हा खरे वाजले होते नऊ पंचवीस."

लेकीच्या हातातली केरसुणी तशीच राहिली. "नऊ पंचवीसला हे दवाखान्यात अप्पांच्या ऑपरेशनच्या कागदांवर सह्या करत होते. मी शेजारीच उभी होते!" आणि मग तोंडावर हात. "अगंबाई. मी त्यांना काय काय बोलले!"

"ते नंतर निस्तर. मशीन खरं सुरू झालं नऊ-पाचला. तेव्हा ऑफिसात कोण होतं?"

उत्तराची गरजच नव्हती. ती दोघं माझ्यासमोरच होती.

४

मशीनवाल्याला मी बाहेरच्या बाकावरच बोलतं केलं.

"नऊला आलो मी. ही ताई म्हणाली, साहेबीण येईस्तोवर बसा. बसलो. साडेनऊला कंटाळून गेलो."

"आतल्या खोलीत गेलात?"

"मला काय करायचंय आत? आणि जाणार कसा? बायकोचा व्हिडिओ कॉल चालू होता." त्याने फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. नऊ-दहा ते नऊ-बत्तीस. "बावीस मिनिटं. ती बोलत होती, मी ऐकत होतो. तिला विचारा, मी जरा मान वळवली तरी लगेच म्हणते, कुणाकडे बघताय."

मला हसू आवरेना. त्याच्या बायकोला फोन केला, तर तिने त्याच्या मागचं बाक, खिडकी आणि भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वर्णन करून सांगितलं.

"आणि पट्टी कुठे होती?"

"बाजूच्या खोलीत. प्रिंटर चालू होता ना, सारखा घुर्र-घुर्र."

पट्टीनेही तेच सांगितलं. "मी दुसऱ्या कॉलनीचे नकाशे छापत होते. नऊ-बारा ते पावणेदहा. प्रिंटरपाशीच होते." बोलताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी प्रिंटरच्या खोलीत गेले. मोठा, कपाटाएवढा प्रिंटर. त्याच्या छोट्या पडद्यावर कामांची यादी काढली. नऊ-बाराला चाळीस पानांचं एकच काम आलेलं होतं, पावणेदहाला संपलं होतं. कागद अडकलेला नाही, मध्ये कुणी बटण दाबलेलं नाही.

लोकांना वाटतं प्रिंटर म्हणजे नुसतं छापायचं यंत्र. पण त्यालाही स्वतःची मेमरी असते. पाठवलेलं सगळं काम तो एका दमात पोटात घेतो आणि मग एकटाच तासभर घुरघुरत बसतो. जवळ माणूस लागत नाही. पाठवणारा संगणकही लागत नाही.

म्हणजे घुर्र-घुर्र आवाज खरा होता. पण त्या आवाजाजवळ पट्टी होतीच, असं काही त्यातून ठरत नव्हतं. आणि या खोलीचं दुसरं दार थेट अप्पांच्या संगणकापाशी उघडत होतं.

तरी मन मानेना. नऊ वर्षं! आणि एक गोष्ट सारखी टोचत होती. ज्याला नुसता नाश करायचा, तो फाइल पुसेल आणि जाईल. आधी ती पेन ड्राइव्हवर कशाला उतरवून घेईल? ज्याच्या जिवावर येत होतं, त्यानेच हे केलं होतं.

मी लेकीला विचारलं, "पालिकेचा तो मंजूर नकाशा आहे का इथे?"

अप्पांच्या टेबलावरच पसरलेला होता. बावीस वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला. त्याचा उजवा खालचा कोपरा कुणीतरी नीट दुमडून, वर जाडजूड पुस्तक ठेवलं होतं. मी पुस्तक उचललं, कोपरा उलगडला. 'नकाशाप्रमाणे पाइप टाकला' असं लिहून खाली काम करणाऱ्या मुकादमाची वळणदार सही होती.

लेक वाकून बघू लागली आणि तिने सहीवर बोट ठेवलं. "ताई... ही तर पट्टीच्या बाबांची सही. तिच्या नोकरीच्या कागदांवर आहे, ते कागद मीच ठेवते."

मी वळले. प्रिंटरच्या खोलीत पट्टीचं टेबल दिसत होतं. टेबलावर लॅपटॉपचा चार्जर, भिंतीत खोचलेला, दिवा लागलेला. लॅपटॉप मात्र कुठेच नव्हता.

५

"मला वाटलं काम थांबेल," पट्टी म्हणाली.

मी काही विचारलंच नव्हतं. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"काल अप्पांनी चौक उतरवला आणि मला हाक मारून दाखवला. म्हणाले, बघ, कुणा शहाण्याने पाइप भलतीकडेच टाकलाय आणि सही ठोकून मोकळा झालाय. त्यांना माहीत नाही ती सही कुणाची ते. मी रात्रभर झोपले नाही. बाबांचा अर्धा पाय लुळा आहे, घराबाहेर पडत नाहीत. गल्लीतले लोक अजूनही त्यांना मुकादम म्हणून मान देतात, तेवढंच उरलंय त्यांच्याकडे. वाटलं, नकाशा मिळाला नाही तर काम पुढे ढकलतील. तेवढ्यात अप्पांना सगळं सांगून काहीतरी मार्ग काढू. जुन्या नकाशावर ड्रिल चालवतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही, ताई! शाळेच्या बाजूने!"

"शाळा साडेतीनला सुटते," लेक म्हणाली. तिचा आवाज भलताच थंड झाला होता.

"मी आत्ता सांगणारच होते. तो पेला पडला तेव्हाच सांगणार होते. पण जीभच उचलेना."

"पेन ड्राइव्ह कुठे आहे?" मी विचारलं.

"गटारात. पुलावरून फेकली. वहीचं पानही."

लेकीने डोळे मिटले. मशीनवाला बाकावरून उठून दारात येऊन उभा होता, तोही खाली बघायला लागला. बारा वाजत आले होते.

मला मात्र तो चार्जर दिसत होता.

"पट्टी, नीट आठवून सांग. फेकण्याआधी ती फाइल तू तुझ्या लॅपटॉपवर उघडली होतीस?"

"हो. एकदा बघायची होती. नुसती. मग ह्यांचा पायरीवर आवाज आला." तिने लेकीकडे बोट केलं. "मी पेन ड्राइव्ह ओढून काढली, लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि बाबांना औषध द्यायच्या निमित्ताने घरी गेले."

"फाइल बंद केली होतीस?"

"नाही."

"लॅपटॉप बंद केलास, की नुसतं झाकण लावलंस?"

तिने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "झाकण लावलं."

"चला!" मी ओरडले. "चार्जर उपट आणि चल!"

६

जावईबापू त्याच वेळी बायकोशी निर्दोषपणाचा खटला लढवायला गाडी घेऊन ऑफिसात पोचले होते. त्यांना तोंड उघडायची संधी न देता आम्ही तिघी गाडीत घुसलो.

"कुठे जायचंय?"

"पट्टीच्या घरी! पळवा!"

वाटेत मी धापा टाकत समजावलं. उघडी फाइल संगणक आपल्या चालत्या मेमरीत धरून ठेवतो. ही मेमरी कपाटासारखी नाही. भिंतीवर पडलेल्या सावलीसारखी आहे. दिवा आहे तोवर हुबेहूब दिसते, दिवा गेला की भिंत कोरी. झाकण लावलं तर लॅपटॉप झोपतो, पण मेमरीपुरता दिवा मिणमिणता ठेवतो. पेन ड्राइव्ह गटारात गेली, तरी तिच्यावरून उचललेला नकाशा त्या मेमरीत जागा असणार.

"बॅटरी किती टिकते तुझी?"

"जुनी आहे. झोपेत ठेवला तर तीन तास. फार तर."

पावणेदहापासून बारा दहापर्यंत. मी हिशोब मनातच ठेवला. जावईबापूंनी न सांगता ॲक्सिलरेटर दाबला.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. पट्टी दोन-दोन पायऱ्या चढत गेली. खिडकीशी पलंगावर तिचे बाबा बसले होते, शेजारी चार पायांची काठी. लॅपटॉप टेबलावर होता. कडेचा बारीक दिवा लाल, आणि तो लुकलुकत होता.

"हात लावू नकोस! आधी चार्जर!"

चार्जर भिंतीत खोचला. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पंख्याचं बटण दाबलं. पंखा हलेना.

"बाराला वीज घालवलीय," बाबा म्हणाले. "चौकात काम आहे म्हणून सगळ्या गल्लीची. काय झालंय काय?"

खाली गाडीपर्यंत नेईतो दिवा विझला असता. आता एकच वाट होती. झाकण उघडायचं, म्हणजे पडदा पेटणार, आणि उरलीसुरली बॅटरी घटाघटा जाणार. त्याच्या आत नकाशा डिस्कवर उतरवायचा. उतरला की दिवा गेला तरी चालेल, डिस्क विसरत नाही.

"पट्टी, तू कर. तुझा हात मशीनवर बसलेला आहे. उघडलं की इकडे-तिकडे बघायचं नाही. सेव्ह. दुसरं काही नाही."

तिने ओढणीला हात पुसले. झाकण उघडलं.

पडदा काळा. एक, दोन, तीन... आणि झपकन उजेड! चौक होता! शाळेच्या भिंतीची जाड रेघ आणि तिला खेटून जाणारी गॅसची पिवळी रेघ. कोपऱ्यात बॅटरी दोन टक्के.

पट्टीची बोटं चालली. 'मूळ जागा सापडत नाही,' मशीनने तक्रार केली.

"पेन ड्राइव्ह मागतोय तो! दुसरी जागा दे, लॅपटॉपचीच!"

एक टक्का. तिने जागा निवडली. नाव द्यायची चौकट आली. तिने 'अ' एवढंच एक अक्षर टाइप केलं आणि बटण दाबलं. निळी रेघ सरकायला लागली. अर्ध्यावर थांबली. लेकीने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे दोन दिवस वळ राहिले. रेघ पुन्हा सरकली, पूर्ण झाली, नाहीशी झाली.

आणि पडदा विझला.



"उतरला का?" जावईबापूंनी दारातून विचारलं.

"वीज मिळाल्याशिवाय कळायचं नाही," मी म्हटलं.

आम्ही गाडीकडे पळणार, तोच पलंगावरून आवाज आला. "ती पिवळी रेघ. ती माझ्या पाइपची ना?"

पट्टी दारातच थबकली. बाबांनी पडदा पाहिला होता, पाच-सहा सेकंदच, पण त्यांना तेवढे पुरे होते. मीच दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं नाही. काठी ओढून घेतली.

"मला धरा," ते म्हणाले. "जिना उतरायचाय."

७

बाबांना जिना उतरवून, गाडीतल्या चार्जिंगवर लॅपटॉप पुन्हा जिवंत करेपर्यंत दीड तास गेला. 'अ' नावाची फाइल होती. पूर्ण होती! जावईबापूंनी आनंदाने हॉर्न वाजवला, रस्त्यातला सायकलवाला शिव्या देत बाजूला झाला.

पण चौकात साहेबांनी तो पडदा नीट पाहिला आणि मान हलवली.

"तुमचं खरं असेल. पण माझ्यापुढे दोन नकाशे आहेत. एकावर मुकादमाची सही आहे, शिक्का आहे. दुसऱ्यावर काहीच नाही, आणि तो काढणारा माणूस बेशुद्ध आहे. सहीचा नकाशा बाजूला ठेवून मी बिनसहीचा कसा धरू?"

ड्रिलचं तोंड शाळेच्या भिंतीशी जमिनीला टेकवून तयार होतं. दोन वाजून गेले होते. आतून मुलांच्या पाढ्यांचा आवाज येत होता.

"सही माझी आहे," मागून आवाज आला.

बाबा गाडीच्या दाराला धरून उभे होते. पट्टी पुढे धावली, त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि काठी टेकत एकेक पाऊल टाकत आले. मजुरांनी वाट दिली.

"दवाखान्याच्या बाजूला सात फुटांवर पाषाण लागला होता. तीन दिवस फुटेना. वरून घाई होती. मी पाइप शाळेच्या बाजूला वळवला आणि सही जुन्याच नकाशावर केली. कुणाला विचारलं नाही. भिंतीपासून चार फूट, खाली साडेसहा फूट. खोदून बघा. हाताने खोदा, पहार जपून."

साहेब क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी हात वर केला. मशीनवाल्याने इंजिन बंद केलं आणि स्वतः फावडं घेऊन उतरला. पाच फुटांवर धोक्याची पिवळी फीत निघाली. साडेसहाला पाइप. ड्रिलच्या तोंडासमोर, सरळ रेषेत. मशीनवाला खड्ड्यातून वर आला आणि मातीवरच बसला.

साहेबांनी कपाळ पुसलं. "तुम्हाला लेखी जबाब द्यावा लागेल. चौकशी होईल."

"होऊ दे." मग बाबा पट्टीकडे वळले. "माझं नाव वाचवायला निघालीस. एकदा मला विचारायचंस तरी. मीच खोडलं असतं."

अप्पांच्या लेकीने पट्टीच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण पाण्याची बाटली तेवढी पुढे केली. अप्पा शुद्धीवर आले की त्यांना सगळं तूच सांगायचं, एवढंच म्हणाली. पट्टीने मान हलवली.

साहेब मजुरांना मशीन दुसरीकडे हलवायला सांगत होते. माणसं मोकळेपणाने बोलायला लागली होती, कुणीतरी हसलंही. तेवढ्यात बाबांनी काठी जमिनीवर आपटली.

"थांबा. अजून तीन ठिकाणं आहेत."



"तीन ठिकाणी मी असाच पाइप वळवलाय. बाजाराच्या कोपऱ्यावर, टाकीखाली आणि दवाखान्याच्या मागे. बावीस वर्षं कुणाला बोललो नाही. आता लिहून घ्या, नाहीतर माझ्याबरोबर जाईल सगळं."

गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला. पट्टी उभ्यानेच काढायला लागली. बाबा बोलत होते, "टाकीच्या उत्तरेकडे तीन फूट... नाही, साडेतीन, तिथे तेव्हा झाड होतं," आणि ती रेघ ओढत होती. साहेब स्वतः वाकून आकडे बघत होते. मी शेजारी उभी राहून तिची बोटं पाहत होते.

प्रत्येक रेघेनंतर ती सेव्ह दाबत होती.